दारं धरणारं फुप्फुस

फुप्फुस म्हटलं की आपल्याला हवा आठवते. खरं तर हवा ओढायची मेहनत बरगड्यांचे स्नायू आणि छातीच्या तळाशी असलेला पडदा करतात. फुप्फुसाचं स्वतःचं कसब आहे ते रक्त वागवण्यात, आणि माझ्या मते शरीरातलं इतकं शहाणं काम दुसरं क्वचितच सापडेल.

आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयाची उजवी बाजू मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावी बाजू तेवढंच रक्त उरलेल्या सगळ्या शरीराला पुरवते. पण दंडाला पट्टा बांधून मोजलेला दाब १२०/८० असेल, तर फुप्फुसाच्या धमनीत तो २५/८ च्या आसपास असतो. तो कमीच हवा. वायुकोश म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या; त्यांतली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. दाब फार वाढला, तर रक्तातलं पाणी वायुकोशात झिरपू लागतं.

या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या १६६१ साली इटलीत मार्चेल्लो माल्पीगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना अंग चोरून, जवळजवळ एकामागे एक जावं लागतं. आत शिरणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब ४० मिलिमीटर पारा, शेजारच्या वायुकोशात १००. या फरकावरच प्राणवायू पलीकडून अलीकडे येतो. त्यासाठी पेशीला काही खर्च करावा लागत नाही. कर्बवायूच्या बाबतीत फरक जेमतेम ५-६ मिलिमीटरचा, तरी तो सहज बाहेर पडतो, कारण तो पाण्यात कितीतरी जास्त विरघळतो. पेशी तिथे पाऊण सेकंद असते आणि प्राणवायूने भरायला तिला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद शिलकीत! जिना धावत चढताना रक्त वेगाने वाहतं, तेव्हा ही शिल्लक कामी येते. ज्यांचा हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा आजाराने जाड झाला आहे, त्यांची शिल्लक आधीच संपलेली असते. खुर्चीत बसून बोलताना ते ठीक वाटतात. चार पावलं चालले की बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरतो. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला चालवून बघतात.

पण पुरेसं रक्त आणि पुरेशी हवा असूनही भागत नाही. दोन्ही एकाच जागी भेटावी लागतात. कफाने एखादी श्वासनलिका बुजली, तर तिच्या पुढच्या वायुकोशांना हवा मिळत नाही. तिथून जाणारं रक्त आलं तसंच काळपट परत फिरेल. इथे फुप्फुस दारं धरतं. शेतात भरलेल्या वाफ्याचं तोंड मातीने बांधून पाणी पुढच्या वाफ्यात सोडतात, तसं ते हवा नसलेल्या भागाकडच्या बारीक धमन्या आवळतं आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवतं. हात-पाय, मेंदू, हृदय यांची रीत अगदी उलटी: प्राणवायू कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात. फुप्फुसाचा हा वेगळेपणा १९४६ साली स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून मांडला.

पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात हवा नसतेच, त्यामुळे तिथल्या वाहिन्या आवळलेल्या असतात आणि बहुतेक रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की काही क्षणांतच त्या मोकळ्या होऊ लागतात.

हेच शहाणपण उंचीवर अंगाशी येऊ शकतं. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर उतरलं की हवा सगळीकडेच विरळ. अमुक भाग हवेशीर, असं काही उरतच नाही. सगळीकडच्या धमन्या कमी-अधिक आवळतात, आतला दाब चढतो, आणि काही जणांच्या फुप्फुसात पाणी उतरतं. कोरडा खोकला, बसल्याजागी धाप, मग फेसाळ थुंकी. धडधाकट, तरुण माणसालाही हे होऊ शकतं. म्हणून तिथे पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस आराम करायचा, आणि बसल्याजागी धाप लागलीच तर सकाळची वाट न बघता प्राणवायू लावून त्या माणसाला खाली आणायचं. प्राणवायू मिळाला की आवळलेल्या धमन्या सैल पडतात आणि दाब उतरू लागतो.