पाय उचलतं कोण?

या आठवड्यात पोटाच्या व्यायामाच्या चाकाबद्दल लिहीन असं मागच्या लेखात म्हटलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. नाशिकच्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलं, आणि त्यातल्या प्रश्नाचा निकाल लावल्याशिवाय कुणाच्या हातात चाक द्यावं असं मला वाटेना.

बाई जिममध्ये लेग रेजच्या स्टँडवर व्यायाम करतात. पाठ टेकायची, कोपरं दोन्ही बाजूंच्या गाद्यांवर ठेवायची आणि लोंबकळते पाय समोर उचलायचे, तो स्टँड. काही ठिकाणी त्याला कॅप्टन्स चेअर म्हणतात. पंधरा-पंधराचे तीन सेट मारते, असं त्यांनी लिहिलंय. मांड्या भरून येतात, जांघेत ओढ बसते, दुसऱ्या दिवशी कंबर धरते आणि पोटाला मात्र काही म्हणजे काही जाणवत नाही. ट्रेनर म्हणतो, रेप्स वाढवा. वाढवू का?

बाई, वाढवू नका. तुमच्या शरीराने तुम्हाला अगदी बरोबर निरोप दिलेला आहे.

पोटाचा जो उभा स्नायू, ज्याच्या चौकोनांसाठी पोरं आरशासमोर बनियन वर करतात, तो रेक्टस ॲब्डॉमिनिस. तो जांघेच्या मधोमध असलेल्या हाडापासून निघतो आणि वर छातीच्या हाडाच्या टोकाला आणि पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन चिकटतो. मांडीच्या हाडाला तो कुठेही शिवत नाही. जो स्नायू पायापर्यंत पोचतच नाही, तो पाय उचलणार कसा?

पाय उचलतो सोआस. हा खोलवरचा स्नायू आहे, वरून हाताला सहज लागत नाही. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचे पाचही मणके, इतक्या ठिकाणांहून तो निघतो, ओटीपोटातून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या एका उंचवट्यावर संपतो. इलियाकस नावाचा दुसरा स्नायू त्याला वाटेत येऊन मिळतो. आता स्नायूचा स्वभाव असा, की तो आकसला की दोन्ही टोकांना ओढतो. एक टोक मांडीला आणि दुसरं थेट कमरेच्या मणक्यांना. दोन्ही पायांचं वजन मिळून शरीराच्या साधारण एक तृतीयांश भरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे २० किलो. एवढं ओझं, तेही पाय सरळ ठेवून लांब अंतरावरून उचलायचं, तर सोआस मणक्यांना किती जोर लावत असेल याचा विचार करा.

मग पोट काय करतं? पोट धरून ठेवतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले की जे हाड लागतं ते पेल्व्हिस. पाय वर जाताना ते पुढे कलंडायला बघतं. पोटाचे स्नायू त्याला खालून वर खेचून जागेवर ठेवतात. ते थकले किंवा मुळात कमी पडले, की पेल्व्हिस पुढे झुकतं, कमरेचा खळगा वाढतो आणि सगळा ताण मणक्यांवर जातो. बाईंची कंबर दुखते ती म्हणून. लेग रेज करणाऱ्याच्या पोटाकडे मी बघतच नाही. मी बघतो पाठीमागच्या गादीकडे. पाय खाली येताना कंबर आणि गादी यांच्यात हात जाईल एवढी फट पडली, की त्या माणसाचं पोट केव्हाच सुटलेलं असतं, पाय मात्र वरखाली चालूच असतात.

ही परीक्षा घरी घेता येते. चटईवर उताणे झोपा. एक तळहात बेंबीच्या बरोबर मागे, कमरेच्या खळग्यात सरकवा. दोन्ही गुडघे वाकवून छातीकडे आणा. कंबर हातावर टेकेल, हलका दाब जाणवेल. आता श्वास सोडत टाचा हळूहळू जमिनीकडे न्या. जिथे हातावरचा दाब सुटला, तिथे तुमच्या पोटाची हद्द संपली. तिथेच थांबा आणि परत फिरा. अनेकांची हद्द टाचा जमिनीपासून हातभर वर असतानाच संपते, अगदी तगड्या दिसणाऱ्यांचीही. ती रोज थोडी थोडी खाली सरकवणं, हाच खरा व्यायाम.

स्टँडवर गेल्यावर काय बदलायचं ते यातूनच निघतं. पाय सरळ नकोत, गुडघे वाकवा. मांड्या जमिनीला समांतर येईपर्यंतचं बहुतेक काम सोआसचं. पोटाचा स्वतःचा वळण्याचा भाग त्याच्या पुढे सुरू होतो. म्हणून गुडघे तिथेच थांबवायचे नाहीत. माकडहाड गादीवरून सुटून पुढे वळलं पाहिजे, जणू गुडघे छातीला लावायचे आहेत. ही हालचाल चार बोटांची असते. बघणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही, पण करणाऱ्याला सहाव्या-सातव्या रेपला पोट पेटल्यासारखं वाटतं. मल्लखांबावरची पोरं उलटी होताना बघा, पाय फेकण्याआधी त्यांची कंबर गुंडाळली जाते. त्यांना कुणी शरीररचना शिकवलेली नसते, पण लाकडाला चिकटून राहायचं तर दुसरा इलाज नसतो. खाली येताना तीन आकडे मोजा. झोका बसू देऊ नका, झोक्यात पोटाला सुट्टी मिळते. बाईंना मी पंधराऐवजी सहा रेप्स सांगेन. आणि त्याही स्टँडवर नकोत. आधी महिनाभर सपाट बेंचवर झोपून, डोक्यामागे बेंचची कड धरून, हीच हालचाल करा.

यावरून अमेरिकी लष्कराची गोष्ट आठवली. १९८० पासून त्यांच्या चाचणीत दोन मिनिटांत जास्तीत जास्त सिटअप्स असत, घोटे जोडीदाराने धरलेले. नव्या चाचणीत त्या काढल्या आणि त्यांच्या जागी लेग टक आणला: दांड्याला लटकून गुडघे किंवा मांड्या कोपरांपर्यंत न्यायच्या. थोड्याच वर्षांत, २०२२ मध्ये, लेग टकही काढावा लागला आणि प्लँक आला. कारण लटकून पाय उचलताना माणसाची पकड, दंड, खांदे आणि सोआस या सगळ्यांची परीक्षा होते. ज्याचे हात आधी दमतात, त्याचं पोट किती बळकट आहे ते कळतच नाही. जगातल्या एवढ्या मोठ्या सैन्याला जे मोजता आलं नाही, ते आपण जिममध्ये रेप्सच्या आकड्यावर मोजतो.

सिटअप्सचंही तसंच. उतरत्या बेंचवर रोलरखाली पाय अडकवले, की सोआसला आयता आधार मिळतो, मग तो अख्खं धड ओढून वर आणतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मणक्याचा अभ्यास करणाऱ्या स्टुअर्ट मॅक्गिल यांनी एका साध्या सिटअपमध्ये कमरेच्या मणक्यांवर पडणारा दाब सुमारे ३३०० न्यूटन असल्याचं दाखवलं. म्हणजे ३३० किलोंच्या आसपास. कामगारांनी ओझं उचलताना कमरेवर किती दाब येऊ द्यावा, यासाठी अमेरिकेत धरली जाणारी मर्यादा ३४०० न्यूटन आहे. एखादी सिटअप कुणाचं काही बिघडवत नाही. पण छातीशी प्लेट धरून रोज शंभर, हे मला पटत नाही, आणि उतरत्या बेंचवर तर मुळीच नाही.

मग सोआसला बाजूला ठेवून पोटाला काम देणारं जिममध्ये काय आहे? माझं उत्तर ठरलेलं आहे: केबल. उंच पुलीला दोर लावा, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसा, दोराची टोकं कानांजवळ धरा. आता बरगड्या ओटीपोटाकडे गुंडाळत आणा. नितंब जागचे हलता कामा नयेत. बहुतेक लोक इथेच चुकतात. ते वाकता वाकता टाचांवर बसतात, शरीराच्या वजनाने प्लेटा वर जातात आणि त्यांना वाटतं पोटाने उचलल्या. शेजारी कुणाला तरी उभं करा आणि त्याला फक्त नितंबांकडे बघायला सांगा. वजन असं ठेवा की बारा रेप्स सावकाश होतील, श्वास सोडत खाली, घेत वर. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच नाही. ॲब क्रंचच्या मशीनवर बसणार असाल तर सीट अशी लावा की मशीनची बिजागरी तुमच्या कमरेच्या उंचीला येईल. आणि पायांनी रोलर ओढू नका.

ज्यांची मणक्यांमधली गादी सरकलेली आहे त्यांनी हे वाकण्याचे प्रकार सोडून द्यावेत. त्यांच्यासाठी त्याच केबलवर पॅलॉफ प्रेस आहे: पुली छातीच्या उंचीला, तुम्ही तिच्याकडे बाजू करून उभे, मूठ छातीशी, आणि तिथून हात सरळ समोर ढकलायचे. केबल तुम्हाला वळवू बघते, तुम्ही वळायचं नाही. मणका हलत नाही, पण पोटाच्या बाजूचे तिरपे स्नायू चांगलेच कामाला लागतात.

बाईंच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, बहुधा सहज लिहिलेली: शाळा सकाळची, म्हणून जिमला साडेपाचलाच पोचते आणि गर्दी व्हायच्या आत पोटाचं आधी उरकून घेते. मला ही ओळ सगळ्या पत्रात महत्त्वाची वाटली. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण खरोखरच थोडे उंच असतो, आणि त्यातली बरीचशी उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच उतरते. त्या तासात फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण कितीतरी जास्त पडतो. अमेरिकेत स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यावर सुरुवातीला कंबर वाकवणं टाळायला सांगितलं, बाकी काही नाही, आणि दुखणं कमी झालं. तो निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून पहाटेच्या बॅचवाल्यांनो, पोट शेवटी ठेवा. आधी चाला, खांदे, पाठ, पाय करा. बाईंना वेळ नसेल तर सकाळी फक्त प्लँक आणि पॅलॉफ, आणि वाकण्याचे प्रकार रविवारी संध्याकाळी.

कळ कमरेतून पायात उतरत असेल, हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण अलीकडचं असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

चाकाला वरची हाताची परीक्षा लागतेच. टाचा जमिनीपासून वीतभर येईपर्यंत हातावरचा दाब टिकत असेल, तर पुढच्या आठवड्यात गुडघ्यांवर बसून सुरुवात करू. सांगलीच्या एका वाचकाने कंबरपट्ट्याबद्दल विचारलं आहे, त्यावर चाकानंतर सविस्तर लिहितो. तोवर एवढंच, की पोटाच्या व्यायामाला पट्टा बांधू नका. तो जड ओझं उचलण्यासाठी आहे.