दर्यावरची हाक

महाडकर म्हणतील, "आम्ही डोंगरातली माणसे, समुद्रावरच्या बिनतारी यंत्राशी आमचा काय संबंध?" पण संबंध आहे, बरे का! पोलादपूरवरून आलेल्या सावित्रीला महाडपाशी भरतीचे पाणी भेटते. एके काळी याच पाण्यावरून शिडाची गलबते महाडला येत. दासगावच्या पुढे ही खाडी बाणकोट नि हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्राला मिळते. या वाटेने एखाद्या हौशी कुटुंबाने शिडाची होडी नेली, तर फराळाच्या डब्याआधी होडीत ठेवायची वस्तू म्हणजे 'व्हीएचएफ' हे बिनतारी यंत्र.

हाक ऐकू न गेल्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. काही तासांनी, वाचलेले लोक किनाऱ्याला लागले, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली!

"पण आता खिशात मोबाइल असतो ना?" असतो, परंतु किनारा मागे पडला की त्याचा भरवसा नाही. शिवाय मोबाइलवरची हाक एकालाच ऐकू जाते. व्हीएचएफवरची हाक आसपासच्या प्रत्येक जहाजाला आणि तटरक्षक दलाला एकदमच ऐकू जाते.

मात्र या यंत्राच्या लहरी सरळ रेषेत जातात. दरीत उतरले की फोन मुका होतो, हे पोलादपूरकरांना सांगायला नको. तसेच खाडीत मध्ये डोंगर आला, की हाक अडते. हातातल्या लहान यंत्राचा आवाज तशाच दुसऱ्या होडीपर्यंत आठ-दहा किलोमीटर गेला, तरी पुष्कळ. म्हणून होडीवर पक्के बसवलेले यंत्र घ्यावे आणि त्याची अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावावी. यंत्राला सरकारी परवाना लागतो, तो आधी काढावा.

संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर मारतात. जिवावर बेतले असेल तरच तीनदा "मेडे" म्हणावे. मग होडीचे नाव तीनदा. पुढे पुन्हा एकदा "मेडे" आणि नाव. लगेच आपण कुठे आहोत ते, उदाहरणार्थ, "बाणकोटच्या पश्चिमेला तीन मैल". नंतर काय झाले, कोणती मदत हवी, माणसे किती. शेवटी "ओव्हर" म्हणून बटण सोडावे. बटण दाबलेले असेतो आपल्याला काहीच ऐकू येत नाही. ते चुकून दाबलेले राहिले, तर आसपासच्या इतरांच्याही हाका बुडतात! इंजिन बंद पडले, पण जिवाला धोका नाही, अशा वेळी "पॅन-पॅन" हा शब्द तीनदा उच्चारावा.

नव्या यंत्रांवर झाकणाखाली लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले, की ७० नंबरच्या चॅनेलवरून संकटाची खूण आपोआप जाते. जीपीएस जोडलेले असेल, तर ठिकाणही कळते. दुसऱ्याची हाक कानी आली, तर आपण गप्प राहून ती लिहून घ्यावी. कोणीच उत्तर देत नसेल, तर ती पुढे पोचवावी. सोळा नंबरवर गप्पा मारणे म्हणजे दुसऱ्याच्या प्राणांशी खेळणे होय.

आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुकाणू धरणारे गृहस्थच पाण्यात पडले, तर हाक कोण मारणार? पत्नी मारील, मुलगी मारील. पण ती शिकलेली असली तरच! म्हणून मेडेचे शब्द मराठीत कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावेत, तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबरही लिहावा, आणि होडी सोडण्याआधी यंत्र बंद ठेवून घरातल्या प्रत्येकाकडून ते एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावेत.