घाटमाथ्यावरील ध्वनिमुद्रणे आणि त्यांची सुरक्षित रवानगी

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, नाणेघाटाच्या माथ्यालगत, घाटघर हे गाव आहे. (अकोले तालुक्यातील, उदंचन जलविद्युत प्रकल्पामुळे परिचित झालेले घाटघर ते हे नव्हे.) जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावी व भोवतालच्या वाड्यांत मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. घाटाखाली कोकण, पूर्वेस देश, अशा सांध्यावरचे हे स्थान असल्यामुळे बोलींच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाच्या मालेतील दक्षिण कानड्याच्या कोंकणीवरचा ग्रंथ १९६३ साली निघाला, त्या काळी क्षेत्रकार्याची मुख्य सामग्री म्हणजे वही आणि सराईत कान. वही पिशवीत घालून एस. टी.ने पुण्यास आणता येत असे. आजचे क्षेत्रकार्य ध्वनि-चित्रमुद्रणावाचून पुरे मानले जात नाही, आणि ही सामग्री वहीसारखी सहज हलत नाही. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणासारख्या कार्यात गावोगावची मुद्रणे एका ठिकाणी जमवावी लागतात. तेथे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो.

प्रश्नाचे आकारमान प्रथम पाहावे. दर सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि दोन वाहिन्या या मानाने असंक्षेपित ध्वनिमुद्रण केल्यास एका तासाची फाइल सुमारे १.०४ गिगाबाइटची होते. त्याच तासाचे चित्रमुद्रण दर सेकंदास ५० मेगाबिट या मध्यम प्रतीने केले तर ते २२.५ गिगाबाइट भरते. म्हणजे तीन तासांच्या एका दिवसाच्या कामाची सामग्री सुमारे ७० गिगाबाइट झाली. ही सामग्री दर सेकंदास २ मेगाबिट इतक्याच गतीने वर चढविता येत असेल, तर अखंड ७८ तास लागतील. ५० मेगाबिटांची स्थिर जोडणी असेल, तर तीन तासांहून थोडा अधिक वेळ पुरे.

येथे कोणी सुचवील की फाइल संक्षेपित करून भ्रमणध्वनीवरील संदेशसेवेने पाठवावी. निरोपासाठी हा मार्ग ठीक आहे, पुराव्यासाठी नाही. मराठीत ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांतील भेद लिपीत दिसत नाही. तो दंत्य व तालव्य ‘ज’च्या उच्चारात असतो. हा भेद ओळखविणारी घर्षणाची ऊर्जा बऱ्याच अंशी उच्च कंपनसंख्यांच्या पट्ट्यात असते, आणि संक्षेपाची तंत्रे प्रथम त्याच पट्ट्यावर कात्री चालवितात. ऐकणाऱ्यास अर्थ कळतो म्हणून काही गमावल्याचे लक्षातही येत नाही. वर्णपटलेख काढावयास बसावे, तेव्हा तेथे मोजण्याजोगे थोडेच उरलेले असते.

मूळ फाइल जशीच्या तशी हलवावयाची, हे एकदा मान्य केले की दोन अडचणी राहतात: गती आणि सुरक्षितता. गतीची अडचण केवळ जोडणीच्या क्षमतेची नसते. आंतरजालावर फाइल लहान लहान पाकिटांत विभागून जाते, आणि रूढ टी.सी.पी. पद्धतीत पाठविणारा काही पाकिटे धाडून पोच येण्याची वाट पाहतो. पुण्याहून युरोपातील एखाद्या संग्रहालयाकडे जाऊन पोच परत येण्यास एक पंचमांश सेकंद लागतो असे धरू. एका वेळी ६४ किलोबाइटच वाटेत असू द्यावयाचे असतील, तर जोडणी कितीही रुंद असली तरी सेकंदास २.६ मेगाबिटांपलीकडे मजल जात नाही. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली. परंतु पाकिटे हरवू लागली की टी.सी.पी. त्यास गर्दीचे लक्षण समजून आपली गती निम्म्यावर आणते. १९९७ साली मॅथिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्राप्रमाणे वरील अंतरावर शंभरांत एक पाकीट गहाळ होत असेल, तर एका प्रवाहाची गती सेकंदास सुमारे ०.७ मेगाबिट इतकीच पडते. डोंगरातील बिनतारी जोडणीत पाकीट हरविते ते बहुधा गर्दीमुळे नव्हे, दुबळ्या संकेतामुळे. पण पाठविणाऱ्या यंत्रास हा फरक कळत नाही.

यावर दोन तोडगे निघाले. एक, फाइलीचे तुकडे करून ते एकाच वेळी अनेक समांतर प्रवाहांनी धाडणे, ग्रिड-एफ.टी.पी. या शास्त्रीय जगतातील पद्धतीचे तत्त्व हेच. दुसरा, टी.सी.पी. बाजूस ठेवून यू.डी.पी. या पोच न मागणाऱ्या वाहनावर स्वतःचा गतिनियम बसविणे. २००४ साली स्थापन झालेल्या व २०१४ च्या आरंभी आय.बी.एम.ने विकत घेतलेल्या अ‍ॅस्पेरा कंपनीची ख्याती या दुसऱ्या तोडग्यावर आहे. दोन्ही पद्धतींत पुरे झालेल्या भागाची नोंद राहते. जोडणी तुटली तर काम प्रारंभापासून नव्हे, तुटल्या जागेपासून पुढे चालते. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी गतीपेक्षा हा गुण अधिक मोलाचा ठरावा. एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी. अशी साधने हाती येईल तेवढी क्षमता व्यापतात. गावाच्या एकुलत्या मनोऱ्यावरील जोडणी संशोधकाने तासन्‌तास अडवून धरावी आणि गावकऱ्यास दूरध्वनी करता येऊ नये, हे शोभणारे नाही. गतीस वरची मर्यादा घालण्याची सोय साधनांत असते. ती वापरावी, अथवा रवानगी मध्यरात्रीनंतर करावी.

आता ‘संमिश्र क्लाउड’ या संज्ञेकडे वळू. क्लाउड म्हणजे जालावरून भाड्याने मिळणारी, दुसऱ्याच्या मालकीची संगणनशक्ती व साठवण. संमिश्र क्लाउडमध्ये संस्थेची स्वतःची यंत्रे आणि अशी भाड्याची सेवा यांची सांगड असते. मोठ्या फाइलींच्या वाहतुकीत या सांगडीला एक विशिष्ट रूप आले आहे: नियंत्रण क्लाउडमध्ये आणि माल आपल्या घरी. स्टेशनमास्तर गाडीला मार्ग मोकळा करून देतो, नोंद ठेवतो, पुढच्या स्टेशनास कळवितो. डब्यातील माल त्याच्या कचेरीतून जात नाही. तसेच येथे होते. कोण पाठवीत आहे, त्याला अधिकार आहे काय, कोठून कोठे जावयाचे, कितपत काम झाले, एवढे क्लाउडमधील सेवा पाहते. फाइल मात्र पाठविणाऱ्याच्या यंत्रावरून विद्यापीठाच्या सर्व्हरवर थेट उतरते. चित्रपट व दूरचित्रवाणीच्या व्यवसायात सिग्नियंट कंपनीचे मीडिया शटल या तत्त्वावर चालते. विद्यापीठीय जगतातील तसेच उदाहरण ग्लोबसचे. शिकागो विद्यापीठाशी निगडित असलेली ही सेवा २०१० साली सुरू झाली. तिचे नियंत्रण भाड्याच्या क्लाउडमध्ये चालते, संशोधनसामग्री संस्थांच्या यंत्रांवरच राहते, आणि क्षेत्रसंशोधकाच्या साध्या लॅपटॉपलाही एक लहान आज्ञावली बसवून या व्यवस्थेत सामील करून घेता येते.

माल बाहेर न ठेवण्याचे महत्त्व मुद्रणांच्या आशयावरून कळावे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी पुण्यातील आपल्या केंद्रातर्फे जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल या कार्यात आले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १६ बिट व ४८,००० नमुने या मानाने हिशेब केल्यास तो सारा ठेवा ८३ गिगाबाइटच्या आसपास भरतो; आजच्या एका दिवसाच्या चित्रमुद्रणाहून थोडाच अधिक. त्या ओव्यांत माहेर आहे, विठोबा आहे, तशीच सासरची गाऱ्हाणीही आहेत. पहाटे जात्यापाशी एकटीने म्हटलेली ओवी अभ्यासासाठी संग्रहात येणे निराळे आणि ती गाणाऱ्या बाईच्या नावासह तिच्याच गावात भ्रमणध्वनींवर फिरणे निराळे. तिने संमती दिली ती पहिल्या गोष्टीस. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधन व अभिलेखन यांना ठरावीक मानकांच्या अधीन राहून सवलत ठेवली आहे. परंतु त्या बाईशी झालेला करार कायद्याच्या सवलतीने सैल होत नाही.

सुरक्षिततेची अंगे तीन. पहिले कूटबद्धीकरण: वाटेत कोणी पाकिटे टिपली तरी ती त्यास वाचता येऊ नयेत. पुष्कळ साधनांत ते आपोआप असते, सर्वत्र नसते. ग्लोबसमध्येही प्रत्यक्ष सामग्रीचे कूटबद्धीकरण बऱ्याच ठिकाणी निवडावे लागते, आणि ती खूण करावयाची राहिली तर यंत्र तक्रार करीत नाही. दुसरे अंग अखंडतेचा पडताळा. एस.एच.ए.-२५६ सारखे गणित कोणत्याही आकाराच्या फाइलीवरून ६४ चिन्हांची एक मुद्रा काढते. फाइलीतील एक बिट पालटला तरी मुद्रा ओळखू न येण्याइतकी बदलते. मात्र ती गावातच, मुद्रण संपताच काढावी. पुण्यास आल्यावर काढलेली मुद्रा पुण्यास काय पोचले एवढेच सांगते. घाटघराहून काय निघाले ते तिला ठाऊक नसते. तिसरे अंग प्रवेशाधिकार, म्हणजे कोणी काय व किती दिवस उघडावे.

संमिश्र व्यवस्थेचा एक दोष फारसा बोलला जात नाही. फाइलीचा आशय नियंत्रकाला दिसत नसला तरी तिचे नाव सामान्यतः दिसते, नोंदवहीतही राहते. फाइलीच्या नावात बाईचे नाव, वाडी आणि ‘सासूची तक्रार’ एवढे लिहिले असेल, तर आत कितीही भक्कम कुलूप लावून उपयोग नाही; जे लपवावयाचे ते पाटीवरच लिहिलेले आहे. नाव ‘घा-स्त्री-०७-०३’ अशा धर्तीचे असावे, आणि त्याचा उलगडा करणारी सूची वेगळ्या वाटेने न्यावी.

सुरक्षित म्हणून विकत घेतलेले साधनच फुटते, असाही अनुभव जगाने घेतला आहे. फाइलींच्या सुरक्षित वाहतुकीसाठीच वापरल्या जाणाऱ्या मूव्हइट या आज्ञावलीतील एक छिद्र मे २०२३ मध्ये एका खंडणीखोर टोळीने गाठले आणि जगभरच्या शेकडो संस्थांची सामग्री पळविली. टोळीच्या हाती लागले ते वाटेतील नव्हे, सर्व्हरवर पडून राहिलेले. तेव्हा रवानगीचा सर्व्हर आणि संग्रहाचा सर्व्हर एकच ठेवू नये. आलेली सामग्री पडताळून लगेच आत हलवावी व उंबरठा रिकामा करावा. माल घरी ठेवण्याचा लाभ घेणाऱ्याने घराच्या दाराची डागडुजीही स्वतःच करावयाची असते, आणि विभागात हे काम नेमके कोणाचे, हे बहुधा ठरलेले नसते.

या सर्वांची घाटघरापुरती जुळणी अशी करता येईल. सायंकाळी मुद्रणे दोन वेगवेगळ्या कूटबद्ध डिस्कांवर उतरवावी व मुद्रांची यादी करावी. ही यादी काही किलोबाइटांचीच असल्यामुळे ती गावातील क्षीण जोडणीवरूनही त्याच रात्री पुण्यास जाते. चित्रमुद्रणे वर चढविण्याचा हट्ट गावात धरू नये. एक डिस्क सुमारे तीस किलोमीटरांवरील जुन्नरास नेऊन तेथील बऱ्या जोडणीवरून रवानगी सुरू करावी. दुसरी डिस्क पहिलीबरोबर एकाच पिशवीत प्रवास करणार नाही, एवढे पाहावे. पुण्यातील यंत्राने काढलेल्या मुद्रा आधी आलेल्या यादीशी जुळल्या आणि दुसरी प्रत अन्य इमारतीत पोचली, म्हणजे मगच कॅमेऱ्यातील पत्रे पुसावयास मोकळी होतात.

राहिली गावाची प्रत. ज्याने वा जिने आवाज दिला त्या घरी ७० गिगाबाइटची फाइल निरुपयोगी आहे, आणि मुदतीनंतर बंद पडणारा दुवाही. तेथे संक्षेपित ध्वनी योग्यच होय. भ्रमणध्वनीत बसेल अशा लहान पत्र्यावर तो भरून पुढील फेरीत हाती द्यावा, आणि कोणती ओवी संग्रहातून वगळावी असे ऐकल्यावर वाटते काय, ते त्याच बैठकीत विचारून घ्यावे.