परदेशात शिकणारी आपली लेकरे आणि फोनमधला समुपदेशक

आपल्या समाजातील मुलगा वा मुलगी परदेशी शिकायला निघाली की आपण काय करतो? विहारात सत्कार ठेवतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घालून फोटो काढतो, चौकात फ्लेक्स लावतो. हे व्हायलाच हवे. अशा बातम्या आम्हीही आनंदाने वाचतो. परंतु विमान उडाल्यानंतर त्या लेकराचे काय होते, हे आपण विचारत नाही. विचारले तरी ‘जेवलीस का, थंडी किती आहे’ यापुढे जात नाही.

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातील एका कामगार बांधवाने आम्हांस यावर विचार करायला भाग पाडले. कोळशाच्या आणि राखेच्या धुळीत या माणसाची उमर गेली. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून, वर बँकेचे कर्ज घेऊन त्याने मुलीस एम. एस्सी.साठी इंग्लंडला पाठवले. “जयभीम सर,” तो म्हणाला, “पोरगी आधी रोज बोलायची, आता नुसता मेसेज टाकते. विचारलं तर म्हणे, पप्पा मी ॲपशी बोलते, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सर, हे ॲप म्हणजे कोण असतं?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडेही नव्हते. मग त्या मुलीशीच बोललो. तिच्या संमतीने, तिची ओळख न देता ते येथे मांडत आहोत. तिच्या घरात सगळ्या भारतातूनच आलेल्या मुली. स्वयंपाकघर एकच. पहिला आठवडा बरा गेला. मग आडनावाची चौकशी झाली आणि त्यानंतर हिची भांडी वेगळ्या कप्प्यात गेली. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे गेली तर काही आठवडे थांबा म्हणाले आणि तोवर वापरा म्हणून एका ॲपची लिंक दिली. ॲपने विचारले, त्रास कशाचा? अभ्यास, एकटेपणा, झोप, घरची आठवण, यांपैकी एक निवडा. जात त्या यादीत नव्हतीच. तरी तिने लिहिले, की माझे आडनाव कळल्यापासून या मुली माझ्या भांड्यांना हात लावत नाहीत. त्यावर ॲपने तिला चार सेकंद श्वास आत घ्यायला आणि समोरच्याच्या वागण्याचा दुसरा काही अर्थ निघतो का, हे तपासायला सांगितले!

आम्हांस हसूही आले आणि संतापही आला. या वागण्याचा दुसरा अर्थ काय निघणार? दोन हजार वर्षे आपण तोच तपासत आलो आहोत.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा तेथे त्यांना जात विचारणारे फारसे कोणी नव्हते. समतेने वागवले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनी तेथे घेतला. आज परिस्थिती उलटी आहे. २०२३-२४ या वर्षी एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. एवढे लोक गेले म्हणजे सामानाबरोबर जातही गेली. उगाच का कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला? उगाच का सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली? कॅलिफोर्नियात तसा कायदा विधिमंडळाने मंजूर केला, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी तो परत पाठवला. विरोध करणारे कोण होते, हे वाचकांना सांगायला नको.

बाबासाहेबांचेही परदेशातील दिवस सुखाचे नव्हते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या आधारावर. इकडे रमाई हाल सोसत होत्या. अशा वेळी त्यांच्यामागे एक मित्र आणि एक राजा उभा होता. आपल्या लेकीमागे कोण उभे आहे? एक यंत्र, तेही विद्यापीठाने समुपदेशक कमी पडतात म्हणून पुढे केलेले.

ॲप सगळेच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री दोन वाजता जीव घाबरा होतो, तेव्हा कोणाला उठवावे याचा संकोच असतो. यंत्राला झोप नसते आणि ते आडनाव विचारत नाही, असे ती मुलगीच म्हणाली. पण त्या यंत्रामागे कंपनी असते आणि तिला धंदा करायचा असतो. बेटरहेल्प या अमेरिकन कंपनीने उपचारासाठी आलेल्या लोकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट यांच्याकडे जाहिरातीसाठी दिली, म्हणून २०२३ मध्ये तेथील व्यापार आयोगाने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी कोको या संस्थेच्या प्रमुखाने सांगितले, की सुमारे चार हजार लोकांना धीराचे संदेश लिहिताना त्यांनी यंत्राची मदत घेतली होती.  फिनलंडमध्ये तर वास्तामो या मानसोपचार संस्थेतील हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० मध्ये चोराने रुग्णांनाच खंडणीचे निरोप पाठवले.

आता यात व्हिसाची भीती मिसळा. जून २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना त्यांची समाजमाध्यमांवरील खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितले. मग आपले पोरगे ॲपमध्ये तरी मन मोकळे करील काय? आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टर त्याला बांधील आहे. पण ‘आम्ही उपचार करत नाही, केवळ मनःस्वास्थ्यास मदत करतो’ असे बारीक अक्षरात छापणाऱ्या कंपनीस कोण बांधणार? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आजाराच्या माहितीस वेगळे, अधिक कडक संरक्षणही नाही.

एक गोष्ट आणखी. यातील कित्येक ॲप ‘ध्यान’ विकतात, दरमहा वर्गणी घेऊन. तथागतांनी जे जनांना फुकट दिले, ते बौद्धाच्या पोरीने कॅलिफोर्नियाच्या कंपनीकडून विकत घ्यायचे! आणि तेही अर्धेच. धम्मात मनाबरोबर माणसामाणसांतील वागणेही येते. ते या ॲपमधून गाळलेले असते.

आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत शिकत असताना गेली. तिच्या छळाच्या आरोपावरून तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरला गेला. तिला श्वासाचे व्यायाम येत नव्हते, म्हणून हे घडले काय? त्याच वर्षी तिच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी ॲपची नव्हती. शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखणारे नियम प्रत्यक्षात राबवा, ही होती. जानेवारी २०२६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. आम्ही आजाराला आजारच म्हणतो. औषध लागेल तेथे औषध, डॉक्टर लागेल तेथे डॉक्टर हवाच. पण अन्यायाला आजार ठरवून त्याची गोळी पीडितालाच चारण्यास आमचा विरोध आहे.

परदेशी शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारांनी शुल्क भरून हात झटकू नयेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत निवड झालेल्या प्रत्येकास, निघण्यापूर्वी, तेथे आधीच शिकत असलेल्या आपल्या विद्यार्थ्याशी जोडून द्यावे. यास खर्च किती येतो? आपल्या संघटनांनी सत्काराच्या खर्चातून थोडे वाचवून मराठीत बोलणारा, जात समजणारा समुपदेशक शोधावा. घरच्यांनी पुढील क्रमांक लिहून ठेवावेत: भारतात टेलिमानस १४४१६, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, अमेरिकेत ९८८. तिन्ही ठिकाणी माणूस बोलतो.

दीपनगरच्या त्या बांधवाला आम्ही हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे मी काय बोलू तिच्याशी?” आम्ही म्हणालो, भांड्यांचे विचारा. आता तो दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी येतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. हातपाय धुऊन तो फोन लावतो. गेल्या आठवड्यात तिने विद्यापीठाकडे लेखी तक्रार केली. अर्ज तिनेच लिहिला; वडिलांनी तो फोनवर दोनदा वाचून घेतला आणि ‘जात’ हा शब्द तिने खोडला होता, तो परत लिहायला लावला.