विंचवाचे विष आणि हृदयाचा ताल

हृदयाचे ठोके माणसाच्या इच्छेवर चालत नाहीत. स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी भाग ते वाढवतो व रक्तवाहिन्या आवळतो. परानुकंपी भाग ते मंद करतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ या दोहोंमधला तोल जपत असतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र तो लाल विंचवाच्या एका दंशानेही ढळू शकतो.

हा विंचू लाकूडफाटा, पेंढा, कौले आणि दगडविटांच्या ढिगांत दडतो. त्याच्या विषामुळे चेतातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत आणि तंतू सतत उद्दीपित राहतात. आधी परानुकंपी लक्षणे दिसतात: उलट्या, दरदरून घाम, लाळ, मंद नाडी. मग अ‍ॅड्रिनलिनचा लोंढा येतो. हातपाय गार पडतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते, ठोके अनियमित होऊ शकतात आणि फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना धोका सर्वाधिक असतो. केवळ दंशाच्या जागी असह्य वेदना असणे हे गंभीर विषबाधेचे लक्षण नव्हे. घाम, उलटी आणि गार हातपाय ही खरी धोक्याची खूण.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत; या उपचारानंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.

प्राझोसिन गोळीच्या रूपात मिळते आणि स्वस्त आहे. रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला निजवून देतात. त्यामुळे भगताकडे वेळ न दवडता १०८ रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, कासा वा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. दंशाची जागा कापू नये, घट्ट बांधू नये. लक्षणे काही तासांनीही उमटू शकतात; म्हणून वेदना थांबली तरी मुलाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.