फटकारा आधी ठरतो

फॅशन मासिकाच्या पानावर एखादा चेहरा दिसतो. कपाळावरून गालापर्यंत ओढलेला निळा जाड पट्टा, कडेला पिवळे शिंतोडे, हनुवटीकडे उतरून मध्येच थांबलेला एक ओघळ. बघणाऱ्याला वाटते, मनात आले तसा कुणीतरी कुंचला फिरवला. तसे वाटावे अशीच त्या कामाची इच्छा असते. प्रत्यक्षात मात्र चित्रकलेवरून सुचलेल्या रंगभूषेइतकी आधी ठरवावी लागणारी रंगभूषा दुसरी क्वचितच असेल. आणि हे ठरवताना ‘कोणाचे चित्र घ्यायचे’ हा प्रश्न दुय्यम असतो, असे माझे म्हणणे आहे. खरा प्रश्न असतो तो रंगाची कोणती वागणूक घ्यायची: त्याची जाडी, त्याचे ओघळणे, त्याचे सुकून तडकणे, की त्याची ओली चकाकी?

सोपा रस्ता नकलेचा. व्हॅन गॉगची ‘स्टारी नाइट’ चेहऱ्यावर उतरवायची, एक भोवरा गालावर, चंद्र कपाळावर. स्पर्धांमध्ये हे हमखास टाळ्या मिळवते, कारण ओळख पटते. पण छायाचित्रात ते फसते. चित्राला स्वतःची रचना असते आणि चेहऱ्यालाही असते. दोन रचना एकमेकींवर ठेवल्या की डोळे सगळे लक्ष खेचून घेतात आणि भोवरा नुसती नक्षी होऊन बसतो. याउलट छायाचित्रकार अर्व्हिंग पेनने 1986 मध्ये लॉरिआल या कंपनीसाठी टिपलेले ओठ आठवावेत. चौकटीत जवळजवळ फक्त ओठ, त्यांवर अनेक रंगांच्या लिपस्टिकचे एकमेकांवर चढलेले फराटे, ओठांची कड ओलांडून बाहेर सांडलेले. त्यात कोणत्याही चित्राची आठवण नाही, तरी पाहताक्षणी रंगाची पाटी समोर येते. काम जाहिरातीसाठी, साहित्य रोजच्या पर्समधले. फक्त लिपस्टिकला लिपस्टिकसारखे वागू दिले नाही, तैलरंगासारखे वागवले.

म्हणून नियोजनाची सुरुवात मूडबोर्डवर चित्रे चिकटवण्याने झाली तरी तिथे थांबून चालत नाही. रंगाची पूड हे अर्धेच साहित्य. ती कशात कालवली यावर तिचे वागणे ठरते. चित्रकार इव्ह क्लाइनने 1960 मध्ये नोंदवलेला त्याचा प्रसिद्ध निळा मुळात अल्ट्रामरीनच होता. करामत होती ती पुडीचा कोरडा, मखमली भाव न मारणाऱ्या बंधकाची. चेहऱ्यावरही तोच हिशेब. मेण-तेलातले ग्रीजपेंट दाट लागते, बोटाने किंवा पॅलेट नाइफने ओढता येते, पण ते सुकत नाही. अंगाच्या उबेने मऊ होऊन घसरू लागते. पाण्यात कालवायचा रंग झटकन सुकतो, त्याची कड धारदार येते, पण मॉडेल हसली की तडकतो, आणि घाम आला की वाहतो. अल्कोहोलने सक्रिय होणारा रंग टिकायला चिवट. मात्र तो पातळच बसतो आणि डोळ्यांजवळ नेता येत नाही. थांबलेला ओघळ हवा असेल तर पाण्याच्या रंगात ग्लिसरीन घालून तो जड करावा लागतो, आणि तो डोळ्याच्या खालून सुरू करावा लागतो, नाहीतर पहिला थेंब डोळ्यात जाईल. कधी मॉडेलची मान कलती ठेवून ओघळ कानाकडे सोडतात. ती सरळ बसली की गुरुत्वाकर्षण न जुमानणारी रेघ मिळते. हे ऐन वेळी सुचत नाही.

त्याहून कडक अट त्वचेची. चित्रकाराचे ॲक्रिलिक चेहऱ्याला लावायचे नाही, डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असले तरी. तो शब्द त्वचेवर लावण्याची परवानगी देत नाही. शिवाय ॲक्रिलिक सुकून प्लास्टिकचा पापुद्रा होते आणि काढताना लव उपटून आणते. भारतात सौंदर्यप्रसाधनांत कोणते रंग चालतील हे मानक ब्यूरोच्या आयएस 4707 मध्ये दिलेले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) यादी तर जागेनुसार बोलते. अल्ट्रामरीन पापणीवर चालते, ओठांवर नाही. काही फ्लोरोसंट गुलाबी नेमके उलटे: ओठांना मुभा, डोळ्यांभोवती मनाई. आता पापणीवरून निघून गालावरून ओठांवर उतरणारा एकच निळा फटकारा कल्पावा. नियम पाळायचे तर तो एक फटकारा नसतोच. दोन वेगळ्या निळ्यांची छटा आधी जुळवावी लागते आणि त्यांचा सांधा नाकपुडीच्या घडीत लपवावा लागतो. पानावर जी रेघ एका श्वासात ओढलेली वाटते, ती दोन डब्यांतून आलेली असते. त्यात पॅचटेस्ट आदल्या दिवशीच व्हायला हवी. रंग लावून झाल्यावर गाल लाल झाला तर नियोजन कितीही सुंदर असले तरी शूट संपले.

रंगभूषेचा आराखडा आधी ज्यावर काढतात त्या कागदी फेसचार्टचा एक दोष चेहऱ्यावर उघडा पडतो. कागद हलत नाही, चेहरा हलतो. जाड थर कुठे टिकेल हे शिकायला पॅरिसला जायची गरज नाही, कथकळीची चुट्टी पाहावी. तांदळाची पिठी आणि चुना यांची ही उंच कड (आता बहुधा कागदाची) कलावंताला जमिनीवर उताणे निजवून जबड्याच्या काठाने बसवतात. जाडी काठावर, जिथे हालचाल कमी; डोळे, गाल, ओठ यांवर सपाट रंग, कारण अभिनय तिथे करायचा असतो. पॅलेट नाइफने थापलेला रंग भुवईच्या टोकाशी, गालफडाच्या हाडावर किंवा जबड्यावर ठेवावा, ओठांच्या कोपऱ्यात ठेवू नये, हे त्यावरून आपसूक कळते.

आणि जाडी दिसते ती प्रकाशामुळे. बाजूने, तिरका दिवा टाकला तर रंगाच्या प्रत्येक वळीला सावली मिळते. लेन्सभोवतीचा रिंग फ्लॅश लावला की त्याच वळ्या सपाट होतात आणि तासाभराची मेहनत स्टिकरसारखी दिसते. म्हणून छायाचित्रकाराशी बोलणे रंग निवडण्याच्या आधी व्हावे, नंतर नव्हे. छापखान्याचाही विचार हवा: झगझगीत अल्ट्रामरीन आणि निऑन नारिंगी हे चार रंगांच्या छपाईत पूर्ण उतरत नाहीत, मळकट होतात. पडद्यावर जळणारा निळा कागदावर जांभळट निघाला की दोष रंगभूषाकाराच्या माथी येतो.

इतके ठरवल्यावर उत्स्फूर्तता उरते का, हा आक्षेप रास्त आहे. रंग उडवताना थेंब कुठे पडेल हे कुणी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण डोळे मिटलेले आहेत, कपडा झाकला आहे, रंग त्वचेला चालणारा आहे, एवढी खात्री असेल तरच हात मोकळा सुटतो. भीतभीत उडवलेला शिंतोडा फोटोत ओळखू येतो. दुसरा आक्षेप संगणकाचा: हे सगळे नंतर पडद्यावर रंगवता येईल, मग चेहऱ्याला त्रास कशाला? काही कामांत खरेच तसे करावे, विशेषतः डोळ्यांच्या कडेला. तरीही 25 जानेवारी 2024 रोजी पॅरिसच्या पॉं अलेक्सांद्र त्र्वा पुलाखाली मेझॉं मार्जेला या फॅशनघराण्याच्या शोमध्ये रंगभूषाकार पॅट मॅकग्राथने चेहऱ्यांना चिनी मातीच्या बाहुलीची झिलई दिली, तेव्हा जगभर तर्क लढवले गेले ते ती हाताने कशी साधली याचे. उत्तर होते पातळ केलेल्या पील-ऑफ मास्कचे एअरब्रशने दिलेले थरावर थर. त्या थराखाली खरा गाल आहे, तो श्वासाबरोबर हलतो, म्हणून प्रकाश त्यावर सरकतो. संगणकाने ओतलेला रंग त्वचेच्या बारीक छिद्रांशी भांडत नाही, आणि ते भांडण नसले की चेहरा पुन्हा कॅनव्हास होतो.

आपल्याकडे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या स्त्रिया वाचकांच्या ओळखीच्या आहेत. चित्रकाराचे नाव तिथे मानाने येत असे. आता त्याच जागी छायाचित्र येते तेव्हा छायाचित्रकाराचे नाव छापले जाते, मॉडेलचेही, आणि चेहऱ्यावर रंग चढवणाऱ्याचे नाव बऱ्याचदा गळते. संपादकांना एवढीच विनंती: असे शूट ठरवाल तेव्हा रंगभूषाकाराला चाचणीसाठी एक वेगळा दिवस द्या, त्या दिवसाचे पैसे द्या, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव छायाचित्रकाराच्या शेजारी छापा.