बागायतदाराने संगणकावर किती खर्च करावा?

हापूसचा हंगाम आटोपतो, वाशीच्या बाजारातून शेवटच्या पट्ट्या हाती येतात, आणि मृगाचा पाऊस दारी येऊन ठेपण्यापूर्वी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघर आगोटीची खरेदी सुरू होते. पावसाळ्याचे धान्य, मीठ-मिरची, छपराची डागडुजी, कलमांचे खत व गड्यांचे देणे हा खर्च पिढ्यान्पिढ्यांचा आहे. ह्या यादीत अलीकडे संगणकाचे एक नवे कलम शिरले आहे. हातात हंगामाचा पैसा असताना जी खरेदी होते ती पुष्कळ वेळा विचारापेक्षा उत्साहाने होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सबब ह्या विषयाचा जमाखर्च एकदा नीट मांडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

प्रश्न उपस्थित होण्यास निमित्तही तसेच घडले. आपल्याकडील बहुतेक घरगुती संगणक ज्या विंडोज 10 प्रणालीवर चालत आले, तिची नियमित दुरुस्ती-सेवा मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविली. घरगुती ग्राहकांस एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली. तथापि "तुमचा संगणक आता जुना झाला, नवा घ्या" हा सल्ला दुकानादुकानांतून ऐकू येऊ लागला. ज्याचा संगणक सहा-सात वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून विनातक्रार चालतो, त्या बागायतदाराने काय करावे, हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे.

ह्याविषयी लोकांत जी मते ऐकू येतात ती मुख्यतः चार प्रकारची आहेत. पहिले मत असे की, शेतकऱ्यास संगणक हवाच कशाला, सर्व कामे हातातील फोनवर होतात. दुसरे असे की, घ्यावयाचा तर सर्वांत महाग घ्यावा, म्हणजे दहा वर्षे बघावयास नको. तिसरे असे की, यंत्रास पैसे द्यावेत, पण आतील सॉफ्टवेअरला कोण देतो, ते कोणीही फुकट भरून देतो. चौथे असे की, दरवर्षी थोडे थोडे भाडे भरून सर्व काही भाड्याने घ्यावे, हेच सोयीचे. ह्यांपैकी एकही मत अगदी निराधार नाही व एकही पुरते खरे नाही.

पहिल्या मताचा विचार करू. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून फोनवरूनच सुरू झाली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत फोनवर काढता येऊ लागला. ह्या कामांसाठी संगणक विकत घेणे म्हणजे विहिरीतून एक घागर पाणी काढण्यास पंप बसविण्यासारखे आहे. ज्याची दहा-वीस कलमे आहेत व माल गावातच विकला जातो, त्याने फोन व चांगली खातेवही ह्यांवर संतुष्ट राहावे. त्यात कमीपणा काही नाही. परंतु ज्याची शे-दोनशे कलमे आहेत, अशा बागायतदाराचे काम निराळे. कोणत्या बागेत कोणती फवारणी कोणत्या तारखेस झाली, राखणीवर व काढणीवर किती खर्च झाला, किती पेट्या कोणत्या दलालाकडे गेल्या, पट्टीत हमाली, भाडे व अडत किती वजा झाली, ह्या सर्वांचा ताळा लहानशा पडद्यावर नीट लागत नाही. निर्यातीच्या मालास तर बागेची नोंदणी व फवारणीचा लेखी तपशील लागतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आपला माल कोणत्या बागेतील, हे कागदावर दाखविता येण्याचे महत्त्व वाढले आहे. अशा घरी संगणक ही चैन नव्हे, ते अवजार होय. मात्र अवजार कामाच्या मापाने घ्यावे. जमाखर्च, पत्रव्यवहार व टपाल एवढ्यासाठी सर्वांत महाग यंत्र लागत नाही. म्हणून दुसरे मतही येथेच निकालात निघते.

आता जुना संगणक खरोखरच निकामी झाला काय, ते पाहू. विंडोज 11 ही प्रणाली 2021 च्या ऑक्टोबरात आली. तिने यंत्रात निदान 4 जीबी स्मृती, 64 जीबी साठा, टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा भाग व ठरावीक यादीतील प्रोसेसर असावा, अशी अट घातली. सामान्यतः 2017 पूर्वीची यंत्रे ह्या यादीत बसत नाहीत. म्हणजे यंत्र झिजलेले नाही, त्याच्या प्रणालीच्या देखभालीचा करार संपला आहे. हे पूर्वीही घडले आहे: विंडोज एक्स्पीची सेवा 2014 साली व विंडोज 7 ची 2020 साली अशीच थांबली. करार संपलेल्या प्रणालीवर इंटरनेट व बँकेचे व्यवहार चालू ठेवणे धोक्याचे आहे, हे निर्विवाद. कारण तिच्यात नव्याने सापडणारी छिद्रे कोणी बुजवीत नाही. परंतु ह्यास उपाय केवळ नवे यंत्र हाच नव्हे.

1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स प्रणाली आज जगभरच्या लोकांनी वाढविलेली आहे. तिच्या उबुंटू, मिंट इत्यादी आवृत्त्या विनामूल्य व कायदेशीरपणे मिळतात आणि जुन्या यंत्रांवरही बऱ्या चालतात. जमाखर्चास व पत्रलेखनास लागणारे लिब्रे ऑफिस हेही विनामूल्य आहे. हे वेडगळ प्रयोग नव्हेत. केरळ राज्याने सरकारी शाळांतील संगणकशिक्षण अशाच प्रणालीवर उभे केले. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स आवृत्ती काढली. भारत सरकारने 2015 साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. जुन्या यंत्रातील फिरती तबकडी काढून तेथे एसएसडी बसविली व स्मृती थोडी वाढविली, तर नव्याच्या किमतीच्या लहानशा अंशात ते पुन्हा चपळ होते, असा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांचे हिशोबनीस विशिष्ट विंडोज-सॉफ्टवेअरवरच काम करतात, ज्यांस डिजिटल स्वाक्षरीची कळ नित्य लावावी लागते, अथवा ज्यांचा छपाईयंत्र-विक्रेता लिनक्सला साहाय्य देत नाही, त्यांस ही वाट अडचणीची होईल. नवे शिकण्यास घरात एक तरी उत्साही तरुण अथवा तरुणी हवी. हे नसेल तर नवा संगणक घेणे हाच शहाणपणा.

तिसऱ्या मताविषयी आम्ही स्पष्टच लिहितो. चोरून भरलेले सॉफ्टवेअर हे बिनखर्चाचे नसते. ज्याने कुलूप फोडून ते दिले, त्याने आत आणखी काय ठेवले हे घेणाऱ्यास कळत नाही. आणि त्याच यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो. अनोळखी माणसाने फुकट दिलेली औषधाची बाटली आपण मोहोरावर फवारू काय? शिवाय विनामूल्य व कायदेशीर वस्तू उपलब्ध असता चोरीची घेण्याचे कारणच उरत नाही.

चौथे मत भाड्याचे. हल्ली पुष्कळ सॉफ्टवेअर विकत न मिळता वार्षिक वर्गणीवर मिळते. ह्या व्यवहाराचे स्वरूप कोकणच्या शेतकऱ्यास समजावून देण्याची गरज नसावी. अर्धेल व तिर्धेल देऊन दुसऱ्याच्या नावच्या जमिनीत राबणे म्हणजे काय, हे आमच्या वाडवडिलांनी अनुभविले. 1949 च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने ती पद्धत मोडली. वर्गणीचे सॉफ्टवेअर म्हणजे अन्याय, असे आम्ही म्हणत नाही. तो खुषीचा करार आहे आणि ज्यास नित्य नवी सुधारणा हवी त्यास तो परवडेलही. परंतु भाडे चुकले की त्या अवजाराने लिहिणे बंद होते, आणि दर वाढविण्याचा अधिकार आपल्या हाती नसतो, हे ध्यानात ठेवून सही करावी. समजा, वर्गणी वर्षास 5,000 रुपये आहे. दहा वर्षांत दर न वाढताही 50,000 रुपये गेले व हाती अवजार उरले नाही. तेच 40,000 रुपयांचे यंत्र आठ वर्षे चालले तर वर्षास 5,000 रुपयेच पडतात. खरेदी करताना यंत्राच्या किमतीविषयी आपण घासाघीस करितो, आणि तितकाच भारी असलेला वार्षिक खर्च हिशोबातही धरीत नाही, ही मोठी चूक होय.

कराचेही एक कलम आहे. संगणकावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्यास आपल्या धंद्याच्या खरेदीवरील हा कर बहुधा वजा करून घेता येतो. केवळ स्वतःच्या बागेचा ताजा आंबा विकणाऱ्या शेतकऱ्यास ती सवलत नाही. म्हणून व्यापाऱ्यास जे स्वस्त तेच आपणांस स्वस्त, असे समजू नये.

येथवर पैशाचा विचार झाला. परंतु आमच्या मते ह्याहून मोठी हानी पैशाची नसून नोंदींची असते. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आपल्या बागांचा सर्व तपशील मराठीत संगणकावर लिहून ठेविला: कलमे केव्हा लाविली, कोणत्या कातळावरील बाग केव्हा मोहोरते, कोणत्या साली किती उत्पन्न आले. यंत्र बदलले, जुना अक्षरसंच नव्या यंत्रात नव्हता, आणि पडद्यावर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहिली. कारण असे की, त्या काळी प्रत्येक अक्षरसंचाची सांकेतिक योजना निराळी असे. एकाचे लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत नसे. ती फाईल बदलून घेण्यास पुढे बराच खर्च आला, आणि तरीही जोडाक्षरे व आकडे पुष्कळ ठिकाणी बिघडलेले निघाले. एका पिढीचे निरीक्षण त्यात होते.

ह्यावर उपाय युनिकोडचा. ह्या जागतिक संकेतात देवनागरीस 1991 पासून स्थान आहे. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी कोणत्याही नव्या यंत्रावर, फोनवर अथवा प्रणालीवर वाचता येते. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची समान कळयोजना विंडोज व लिनक्स दोहोंतही मिळते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना प्रथम एकच प्रश्न विचारावा: उद्या हे सोडून दुसऱ्याकडे जावयाचे ठरविले, तर माझी खातेवही जशीच्या तशी माझ्याबरोबर येईल काय? ज्या दुकानदारास ह्याचे सरळ उत्तर देता येत नाही, त्याचा माल कितीही देखणा असो, घेऊ नये.

दुसरी गोष्ट आमच्या हवेची. खाऱ्या वाऱ्याने व चार महिन्यांच्या दमटपणाने यंत्र गंजते. विजेचा दाब कमी-जास्त होतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात बागा भुईसपाट केल्या व अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा दुकानांतील व कार्यालयांतील कागद आणि संगणक दोन्ही चिखलात गेले. यंत्र नवे आणता येते. नोंद नवी आणता येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सर्व हिशोबाची प्रत वेगळ्या साठवण-साधनावर घेऊन ती दुसऱ्या गावी, मुंबईच्या नातेवाइकाकडे, अथवा विश्वासाच्या ऑनलाइन साठ्यात ठेवावी. हा खर्च क्षुल्लक आहे, आणि तो टाळणारा मनुष्य महागडे यंत्र घेऊनही गरीबच समजावा.

तात्पर्य, खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवितो. प्रथम काम ठरवावे; ते फोनवर होत असेल तर तेथेच थांबावे. दुसरे, नोंदींची प्रत व विजेपासून संरक्षण ह्यांची तरतूद करावी. तिसरे, घरातील जुने यंत्र दुरुस्त करून व मुक्त प्रणाली घालून चालते काय, हे आठ दिवस वापरून पाहावे. नाहीच चालले, तर मग मध्यम किमतीचे नवे यंत्र घ्यावे, व त्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक वर्गणीचे दहा वर्षांचे गणित कागदावर मांडावे.

कलम लावणारा मनुष्य पुढील पन्नास वर्षांचा विचार करितो. त्याच कलमाची नोंद मात्र पाच वर्षांत वाचता येऊ नये, ही गोष्ट शेतकऱ्यास शोभणारी नाही. आपल्या नातवास आपल्या बागेची वही उघडता यावी, एवढी एक कसोटी लावून जो खरेदी करील, तो ह्या व्यवहारात सहसा फसणार नाही. वाचकांनी आपले ह्या बाबतीतील अनुभव, विशेषतः नुकसानीचे, आम्हांस अवश्य लिहून कळवावे. एकाची ठेच दुसऱ्यास शहाणपण देईल.